तीन दशांश मिलिमीटरची फट: एका जुन्या टीव्ही लेन्सचं प्रकरण

लेन्स माझ्या मैत्रिणीच्या मामांची. मामांनी आयुष्यभर क्लोज्ड सर्किट टीव्ही कॅमेऱ्यांची दुरुस्ती केली. ते गेल्यावर त्यांच्या हत्यारांच्या खणात फडक्यात गुंडाळलेल्या तीन लेन्स सापडल्या. त्यातली ही एक मुठीत मावेल एवढी, पण हातात घेतली की वजन कळतं. सगळी धातू आणि काच. पुढच्या कड्यावर कोरलंय: २५ मिमी, १:१.४, १ इंच टीव्ही.

मैत्रीण नाटकाच्या तालमींचं चित्रण करते. तालमीत उजेड कधीच पुरेसा नसतो आणि तिच्या मिररलेस कॅमेऱ्याची झूम लेन्स अशा जागी थकते. कॅमेरा मायक्रो फोर थर्ड्स जातीचा, १६ मेगापिक्सेलचा, ४के चित्रण करणारा. १:१.४ (एफ/१.४) म्हणजे भरपूर उजेड घेणारी लेन्स; तो आकडा वाचून तिने त्याच दिवशी सी माउंटचा अडॅप्टर, म्हणजे ही लेन्स कॅमेऱ्याला जोडणारं कडं, मागवला. तो आला, लेन्स लावली आणि संध्याकाळी तिचा फोन आला.

"लांबचं सगळं धूसर येतंय रे. मामांची लेन्स गेली का?"

आवाजावरून कळत होतं की प्रश्न फक्त लेन्सचा नाही. म्हणून घाईने उत्तर दिलं नाही आणि काय काय दिसतंय ते तिला सविस्तर सांगायला लावलं. तिने सांगितलं ते असं. एक मीटरवर बसलेल्या माणसाचा चेहरा लख्ख येतो. फोकसची रिंग इन्फिनिटीच्या, म्हणजे सगळ्यात लांबच्या, खुणेपर्यंत फिरवली तरी समोरच्या इमारतीच्या खिडक्या उमटत नाहीत, नुसते डाग दिसतात. अ‍ॅपर्चर एफ/८ केलं, म्हणजे उजेड येण्याचं भोक लहान केलं, की खिडक्या ओळखू येतात, पण धार येत नाही. चारही कोपरे काळे. आणि जाता जाता तिने आणखी एक गोष्ट सांगितली: अ‍ॅपर्चरची रिंग हातात असताना सैल फिरते, कॅमेऱ्यावर चढवली की घट्ट होते. हे शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. आठवडाभराने तेच वाक्य कामाला आलं.

सी माउंट म्हणजे एक इंच व्यासाचे आटे, इंचाला ३२. बेल अँड हॉवेलच्या १६ मिमी फिल्म कॅमेऱ्यांसोबत १९२०च्या दशकात ही पद्धत रूढ झाली. पुढे टीव्हीच्या व्हिडिकॉन नळीच्या (सेन्सरच्या जागी असलेल्या काचेच्या नळीच्या) कॅमेऱ्यांनी तीच उचलली आणि कारखान्यांतले तपासणी कॅमेरे आजही तीच वापरतात. लेन्सचा खांदा जिथे टेकतो तिथपासून प्रतिमा पडते त्या प्रतलापर्यंतचं अंतर १७.५२६ मिमी. सगळा खेळ याच आकड्याचा. एसएलआर कॅमेऱ्यांत मध्ये आरसा असल्याने हे अंतर ४५ मिमीच्या आसपास, म्हणजे तिथे सी माउंटला थाराच नव्हता. २००८ साली पॅनासॉनिकचा जी१ आला, आरसा गेला, आणि या लेन्सना पुन्हा घर मिळालं.

पण मायक्रो फोर थर्ड्सचं अंतर १९.२५ मिमी आहे. सी माउंटपेक्षा ते १.७२ मिमीने जास्त. म्हणजे लेन्स कॅमेऱ्याच्या तोंडावर बसून चालत नाही, ती १.७२ मिमी आत बुडावी लागते. म्हणून या अडॅप्टरला वाटीसारखा खोलगट भाग असतो आणि लेन्सचा खांदा त्या वाटीच्या तळाला टेकतो. दुसऱ्या मिररलेस कॅमेऱ्यांत सोनी ई चं अंतर १८ मिमी आणि फुजीफिल्म एक्सचं १७.७, तिथेही बुडवावं लागतं, पण थोडंच. निकॉन झेडला १६ मिमीच असल्याने तिथे अडॅप्टर सरळ पुढे बसतो. या चारांत वाटीची भानगड सगळ्यात जास्त आपल्या मैत्रिणीच्याच कॅमेऱ्याला.

लेन्सलाच विचारलं

लेन्स जागेवर बसली नाही तर किती बसली नाही, हे लेन्स स्वतःच सांगते. त्यासाठी कुठलंही उपकरण लागत नाही, टेप पुरते. फोकसची रिंग इन्फिनिटीला टेकवून ठेवायची, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडायचं आणि कॅमेऱ्यापासून किती अंतरावरची वस्तू सगळ्यात धारदार दिसते ते बघायचं. कॅमेऱ्याची भिंगासारखी मोठं करून दाखवणारी सोय चालू ठेवायची, नाहीतर डोळा फसतो. मग फोकल लांबीचा (लेन्सवर कोरलेल्या मिमीच्या आकड्याचा) वर्ग करून त्याला त्या अंतराने भागायचं. उत्तर येतं तेवढे मिलिमीटर लेन्स पुढे राहिली आहे.

तिने जमिनीवर टेप पसरली आणि जाड अक्षरांचा छापील कागद पुढेमागे सरकवत नेला. अक्षरं सगळ्यात स्वच्छ दिसली ती २.१ मीटरवर. पंचवीसचा वर्ग ६२५, भागिले २१००, उत्तर ०.२९८. म्हणजे लेन्स जवळजवळ ०.३ मिमी पुढे.

ऐकायला हे अंतर किरकोळ वाटतं. पण एफ/१.४ ला लांबचा एक ठिपका या चुकीमुळे सेन्सरवर ०.२१ मिमी व्यासाचा होतो, आणि तिच्या सेन्सरचा पिक्सेल आहे ३.८ मायक्रॉनचा. एका ठिपक्याचे जवळजवळ ५७ पिक्सेल! खिडक्यांचे डाग होणारच. एफ/८ ला तोच ठिपका १० पिक्सेलवर येतो, म्हणून तिला वाटलं की अ‍ॅपर्चर लहान केलं की लेन्स सुधारते. लेन्स सुधारत नव्हती, चूक झाकली जात होती. फोकल लांबी जितकी कमी, तितकी ही चूक महाग पडते: १२.५ मिमीच्या लेन्सला ०.३ मिमीची फट असेल तर इन्फिनिटीच्या खुणेवर फक्त अर्ध्या मीटरवरचं दिसेल.

इथे एक दिलासाही होता आणि तो मी तिला लगेच सांगितला. एक मीटरवरचा चेहरा लख्ख येतोय, म्हणजे काचा ठीक आहेत, आतले भाग जागेवर आहेत, बुरशी असली तरी नगण्य. मामांची लेन्स गेलेली नाही. ती फक्त पुढे उभी आहे.

चुकीचा संशय

०.३ मिमी आले कुठून? मी अडॅप्टरवर बोट ठेवलं. स्वस्त अडॅप्टरची जाडी अनेकदा कमीजास्त निघते आणि मी हे पूर्वी पाहिलं होतं. तिला म्हटलं, दुसरा मागव. दुसरा आला, दुसऱ्या बनावटीचा. टेप पुन्हा पसरली गेली. २.१ मीटर. तोच आकडा.

दोन वेगळ्या कारखान्यांनी अगदी सारखीच चूक करावी हे पटण्यासारखं नव्हतं. तेव्हा कॅलिपर काढला, जे मी आधीच करायला हवं होतं. अडॅप्टरच्या पुढच्या पृष्ठापासून वाटीच्या तळापर्यंत ४.३० मिमी. पुढच्या पृष्ठापासून कॅमेऱ्याला टेकणाऱ्या कडेपर्यंत २.५८ मिमी. वजाबाकी १.७२. अडॅप्टर अगदी बरोबर होता. दुसराही. विनाकारण संशय घेतला होता.

मग अ‍ॅपर्चरच्या रिंगचं ते वाक्य आठवलं. कॅमेऱ्यावर चढवली की घट्ट होते. का होईल? अ‍ॅपर्चरची रिंग लेन्सच्या मागच्या बाजूला आहे, व्यास ४२ मिमी. तिच्या मागे ३० मिमी व्यासाची कॉलर, आणि त्या कॉलरच्या टोकाला खांदा. कॉलरची उंची मोजली: ४.० मिमी. वाटीची खोली ४.३. म्हणजे लेन्स फिरवत आत नेताना खांदा तळाला टेकायच्या आधीच रुंद रिंग अडॅप्टरच्या तोंडावर आपटत होती आणि तिथेच घासत थांबत होती. उरलेली फट ०.३ मिमी. टेपने सांगितलेला आकडा आणि कॅलिपरने सांगितलेला आकडा एकच निघाला तेव्हा मला खरंच आनंद झाला. असं नेमकं जुळून येणं क्वचित घडतं.

खात्रीसाठी तिने वहीच्या कागदाची बारीक पट्टी घेतली. अडॅप्टर कॅमेऱ्यावरून उतरवला, पट्टी त्याच्या तोंडावर ठेवली आणि लेन्स घट्ट पिळली. पट्टी रिंगखाली घट्ट अडकली, ओढली तर फाटली. रिंगच्या आधी खांदा तळाला टेकला असता तर ती अलगद निघाली असती.

मूळ टीव्ही कॅमेऱ्यात हे का होत नसे? कारण तिथे माउंट कॅमेऱ्याच्या पुढच्या सपाट तोंडावर असे. वाटी नाही, भिंती नाहीत. लेन्स बनवणाऱ्याला आपल्या रिंगच्या रुंदीचा विचार करायचं कारणच नव्हतं. चूक कोणाचीच नाही, दोन काळांची गाठ पडताना मध्ये भिंत आली एवढंच.

काय कापायचं

तीन मार्ग होते. पातळ चकत्या घालणं हा पहिला सुचणारा उपाय, आणि इथे तो पूर्ण निरुपयोगी. चकती लेन्सला आणखी पुढे ढकलते. लेन्स जास्त आत जात असेल, म्हणजे खुणेच्या आधीच इन्फिनिटी येऊन जात असेल, तरच चकतीचा उपयोग. दुसरा मार्ग लेन्सची रिंग घासण्याचा. तो मी तिच्यासमोर मांडलासुद्धा नाही. ही लेन्स पुन्हा बनणार नाही. अडॅप्टर हजारांनी बनतात. कापायचं तर अडॅप्टर. तिसरा मार्ग तोच.

लेथवर धातू कापणाऱ्या टर्नरकडे जाताना तिने कागदावर आकृती काढून नेली: अडॅप्टरच्या तोंडाशी ४३ मिमी व्यासाची, ०.६ मिमी खोल पायरी. बाकी कशालाही हात लावायचा नाही, वाटीच्या तळाला तर मुळीच नाही, कारण १.७२ हा आकडा तळावर उभा आहे. लेथवर काम झालं आणि तोंडाची उंची ४.३ वरून ३.७ झाली. आता ४.० मिमीच्या कॉलरला आत जायला वाट होती आणि रिंगला फिरायला ०.३ मिमी मोकळी जागा. धातूचा कीस पूर्ण धुऊन, वाळवून मगच अडॅप्टर कॅमेऱ्याजवळ आणायचा, हे मी तिला दोनदा बजावलं. अ‍ॅल्युमिनियमचा एक कण सेन्सरच्या काचेवर ओढला गेला तर त्याला उपाय नाही.

लेन्स लावली तेव्हा ती पूर्वीपेक्षा जवळजवळ १३५ अंश जास्त फिरली. हिशेब बरोबर आहे: इंचाला ३२ आटे म्हणजे एका फेऱ्यात ०.७९ मिमी, आणि ०.३ मिमी म्हणजे फेऱ्याचा तिसऱ्या हिश्श्यापेक्षा थोडा जास्त भाग. एवढे दिवस आकड्यांची रेघ बाजूला, जवळजवळ खाली तोंड करून राहायची आणि तिला कॅमेरा वाकडा करून वाचावं लागायचं. ती रेघ आता वरच्या बाजूला आली. समोरच्या इमारतीच्या खिडक्यांचे गज मोजता आले. अ‍ॅपर्चरची रिंग कॅमेऱ्यावरही सैल फिरायला लागली.

काळे कोपरे

कोपरे मात्र काळेच होते आणि ते काळेच राहणार होते. हे तिला समजावणं फोकसपेक्षा अवघड गेलं, कारण फोकस बिघडला होता आणि हे बिघडलेलं नाही.

"१ इंच टीव्ही" याचा अर्थ प्रतिमा एक इंचाची असा नाही. व्हिडिकॉन नळीचा बाहेरचा व्यास एक इंच. प्रतिमा पडायची ती १२.८ × ९.६ मिमी भागावर, कर्ण १६ मिमी. लेन्स तेवढं वर्तुळ भरते आणि थांबते. मायक्रो फोर थर्ड्सचा सेन्सर १७.३ × १३ मिमी, कर्ण २१.६. उरलेला भाग कशाने भरणार? या नावाची सवय इतकी जुनी आहे की आजच्या "१ इंच" डिजिटल सेन्सरचा कर्णही १६ मिमीच्याच आसपास असतो, इंच कुठेच नसतो. मामांच्या खणातली दुसरी लेन्स, १२.५ मिमीची, २/३ इंच नळीसाठी होती. तिचं वर्तुळ फक्त ११ मिमीचं, म्हणून ती आम्ही सरळ बाजूला ठेवली. अशा जुन्या लेन्स घेताना फोकल लांबीच्या आधी हा इंचाचा अपूर्णांक वाचावा, आणि सीएस अशी खूण नाही ना तेही बघावं. सीएस माउंटचं अंतर ५ मिमीने कमी, १२.५२६. मायक्रो फोर थर्ड्सवर ती लेन्स लांबचं कधीच दाखवणार नाही.

सुदैव असं की तिच्या कॅमेऱ्याचा ४के चित्रणाचा मार्ग नेमका उपयोगी पडला. सेन्सर आडवा ४५९२ पिक्सेलचा आहे आणि ४के घेताना कॅमेरा मधले ३८४० पिक्सेल जसेच्या तसे उचलतो. म्हणजे सेन्सरचा वापरलेला तुकडा १४.५ × ८.१ मिमी, कर्ण १६.६. लेन्सचं वर्तुळ १६! फक्त टोकाचे कोपरे किंचित मंदावतात, आणि अंधाऱ्या तालमीत ते दिसतही नाहीत. सगळ्या कॅमेऱ्यांत ४के असं कापून घेत नाहीत. काही पूर्ण रुंदी वापरतात आणि तिथे कोपरे पुन्हा काळे होतील. म्हणून आपल्या कॅमेऱ्याची माहिती वाचणं आलं. फोटोंसाठी तिने वेगळा निर्णय घेतला: चौकोनी फ्रेम, बाकी कापून टाकायचं.

अ‍ॅपर्चर लहान केल्यावर काळ्या भागाची कड जास्त ठळक होते. ते पाहून ती पुन्हा घाबरली होती. उघड्या अ‍ॅपर्चरला प्रकाश हळूहळू विरतो, लहान अ‍ॅपर्चरला वर्तुळ कात्रीने कापल्यासारखं दिसतं. लेन्स तीच.

कडेचा पोत

मध्यभाग उत्तम, पण कडेला उघड्या अ‍ॅपर्चरवर चित्र ओघळल्यासारखं. याची दोन कारणं आणि दोन्ही घालवता येत नाहीत. पहिलं म्हणजे लेन्सकडून मागणीच कमी होती. ६२५ रेषांच्या टीव्हीत दिसणाऱ्या रेषा ५७५, ९.६ मिमी उंचीत त्या बसवायच्या म्हणजे मिलिमीटरला ६० रेषा, फार तर ३० जोड्या. तिचा सेन्सर मिलिमीटरला १३० हून जास्त जोड्या वेगळ्या करू शकतो. लेन्स जे कधी दाखवायला बसलीच नव्हती ते आता प्रत्येक फ्रेममध्ये दिसतं.

दुसरं कारण सेन्सरवरची काच. मायक्रो फोर थर्ड्समध्ये सेन्सरसमोर एकूण साधारण ४ मिमी जाडीचे काचेचे थर असतात. सरळ येणारा किरण त्यातून गेला की फोकस थोडा मागे सरकतो, काचेच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. तिरका किरण मात्र जास्त सरकतो. मध्यभागी सगळे किरण जवळजवळ सरळ, कडेला तिरके. आणि या लहान लेन्सची मागची काच सेन्सरच्या इतकी जवळ असते की कडेचे किरण फारच तिरके येतात. १६ मिमी फिल्मच्या बहुतेक लेन्सना तर समोर काच असेल ही कल्पनाच नव्हती. नळीवर स्वतःची पुढची काच असायची, पण म्हणून आजच्या थरांशी हिशेब जुळतोच असं नाही.

आम्ही वर्तमानपत्र भिंतीला चिकटवून पाहिलं. मध्यावर फोकस केला की कड ओघळते. कडेवर फोकस केला की कड बरीच सावरते, पण पूर्ण नाही. एफ/२ ला सुधारणा दिसते, एफ/४ ला कड कामाची होते. तिने ठरवलं ते मला पटलं: चेहरा मध्याजवळ, एफ/२, कडेला अंधार असू द्यायचा. या लेन्सचा मधला भाग एफ/२ ला जी त्वचा दाखवतो, डोळ्यातला दिव्याचा ठिपका ज्या मऊपणे धरतो, ते तिच्या झूमला कधी जमलं नव्हतं. ४के च्या तुकड्यावर ही २५ मिमी फुल फ्रेमच्या (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) साधारण ६२ मिमीसारखी वागते, म्हणजे तिसऱ्या रांगेतून एकट्या नटाला धरायला योग्य.

एक शेवटची खोट उरली होती. मंचावरचा दिवा फ्रेममध्ये आला की सगळ्या चित्रावर दुधाळ पडदा यायचा. अडॅप्टरची आतली भिंत काळी होती पण चकचकीत. तिथे मॅट काळं मखमली कागदासारखं अस्तर चिकटवलं, मागच्या बाजूला एकही धागा लोंबत नाही याची खात्री करून. पडदा पूर्ण गेला नाही, जुन्या लेन्सवरचे लेप तेवढेच; पण काळा रंग पुन्हा काळा झाला.

कॅमेऱ्यातल्या दोन सेटिंगविना यातलं काहीच चाललं नसतं, म्हणून सांगून ठेवतो. लेन्स नसतानाही शटर चालावं ही सोय चालू करायला हवी, कारण कॅमेऱ्याला ही लेन्स दिसतच नाही. आणि सेन्सर हलवून चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा असेल तर तिला फोकल लांबी २५ अशी हाताने भरून द्यायची. चुकीचा आकडा राहिला तर ती चित्र उलट डोलवते.

पहिल्या खऱ्या तालमीचं चित्रण तिने मला पाठवलं. तासाभराच्या चित्रणात दोनदा फोकस सुटलाय, दोन्हीदा नट पुढे चालत आला तेव्हा. एफ/२ ला हाताने फोकस धरणं हा सरावाचा भाग, त्यात लेन्सचा दोष नाही.

परवा पुन्हा फोन आला. खणातली तिसरी लेन्स, ७५ मिमीची, तिने दुसऱ्या, न कापलेल्या अडॅप्टरवर चढवली होती. या वेळी प्रश्न नव्हता, आकडा होता.

"इन्फिनिटीला ठेवली तर अठरा मीटरवरचं स्वच्छ दिसतंय. पंचाहत्तरचा वर्ग भागिले अठरा हजार, म्हणजे शून्य पूर्णांक एकतीस. रिंग घट्टही होतेय."

"मग लेथवर नेतेस?"

"नेईन. कागदाची पट्टी लावून बघते आधी."